दोघांपुरती गाडी

आमचे मालक त्या दिवशी हायवेच्या कडेला भंगाराच्या वखारीत गेले होते, एका जीपचा दरवाजा शोधायला. दरवाजा काही मिळाला नाही. परत आले, हातपाय धुतले, चहाची बशी तोंडाला लावली आणि मग सावकाश म्हणाले, "तुझ्या बहिणीची गाडी पडलीया तिथं. मोडीत."

"कुठली गाडी?"

"कुठली म्हंजे? ती लाल. दोघांपुरती."

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. हातातलं शिवण बाजूला ठेवून मी आणखी दोन कप चहा टाकला आणि त्यात आलंही किसून घातलं. मालक माझ्याकडं बघतच राहिले. एरवी दुसरा चहा मागितला की मी घर डोक्यावर घेते.

आम्ही दोघं गाड्यांवरच जगतो. उद्यमनगरात आमची पत्र्याची शेड आहे. अर्ध्या शेडमध्ये मालक ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करून रंग मारतात, अर्ध्यात माझं मशीन. मी सीटा शिवते. रिक्षाच्या, जीपच्या, बुलेटच्या, लग्नाच्या सीझनला घोडागाडीच्यासुद्धा. बाईमाणूस सीटा शिवते म्हणून पहिल्यांदा लोक बघायला यायचे, आता कामाला येतात.

माहेर आमचं नेसरी. आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, काळीसावळी, तोंडाची फाटकी. ती धाकटी, गोरीपान, हळू बोलणारी. माझं लग्न पत्रा ठोकणाऱ्याशी झालं आणि वरात निघाली टेम्पोतून, तीही अर्ध्या वाटेत चाक बसलं म्हणून पुढं चालत. चार वर्षांनी तिचं लग्न शाहूपुरीतल्या मोठ्या घरात झालं, स्वतःचा कारखाना, दुमजली बंगला, दारात कुत्रं. आणि तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या पावण्यांनी, वरातीसाठी ती गाडी आणली. लाल भडक. दोन दारं, दोन सीटा, मागं काहीच नाही. टप काढता यायचा. कुठल्या देशातली, कुठल्या कंपनीची, ते मला तेव्हाही कळलं नाही. जमिनीला एवढी चिकटून चालायची की गल्लीतली कुत्री तिच्या बरोबरीनं उभी राहून आत बघायची.

तर त्या गाडीच्या सीटा मी शिवल्या. लग्नाला आठवडा होता आणि जुन्या सीटा उसवलेल्या होत्या. पावण्यांनी गाडी आमच्या शेडमध्ये आणून लावली. मालकांनी रंग मारला, मी मलई रंगाचं रेक्झिन आणून त्याच्या कडांना लाल पायपिंग केलं. बोटाला फोड येईतोवर शिवलं. तेवढं सुबक काम मी त्याच्या आधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. काम झाल्यावर सीटवर बसून बघायला पाहिजे, कुठं ताण येतो, कुठं सुरकुती पडते. मी बसायला वाकले तर पावणे म्हणाले, "आक्का, तेलाचं लुगडं हाय तुमचं. डाग पडंल."

साडी होती, लुगडं नव्हतं. आणि तेलाची नव्हती. मी हसले. हसले आणि घरी येऊन भांडी आपटली.

त्यानंतर त्या गाडीत बसायचा योग म्हणून आला नाही. मी काही मागं लागणारी नव्हे, पण दोनतीनदा तोंडातून गेलंच, की एकदा रंकाळ्याला चक्कर मारून आणा की. बहीण लगेच म्हणायची, "अगं आक्का, जागाच नाही गं. दोघांचीच आहे ती." लग्न झाल्यापासून 'हाय' चं 'आहे' झालं होतं तिचं. दोघांचीच आहे ती! काय तो गोडवा. ऐकून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

गगनबावड्याला ती दोघं पावसाळ्यात जाऊन आली, त्याचा फोटो तिच्या दिवाणखान्यात लावला होता. धुकं, लाल गाडी, डोक्याला रुमाल बांधलेली माझी बहीण, आणि खाली माझं मलई रेक्झिन. आम्हाला भाऊ नाही, म्हणून दर भाऊबीजेला मी तिच्याकडंच जायची आणि त्या फोटोसमोरच्या खुर्चीवर बसायची. मुद्दाम नव्हे, खुर्चीच तिथं ठेवलेली. येताना आम्ही आमच्या स्कूटरवर यायचो, मी एका अंगानं बसून, मांडीवर फराळाचा डबा, आणि खड्डा आला की डबा माझ्या हनुवटीला लागायचा. मालक पुढून विचारायचे, "लागलं काय गं?" मी उत्तर द्यायची नाही.

मग तो महापूर आला. ओढ्याचं पाणी शाहूपुरीत शिरलं, आणि बहिणीच्या बंगल्याच्या खालचं सगळं पार्किंग बुडालं. गाडीही बुडाली. पाणी ओसरल्यावर पावण्यांनी कुणाचं न ऐकता तशीच चावी मारली, इंजिनात पाणी होतं, जे काय मोडायचं ते मोडलं. ताडपत्री टाकून गाडी कोपऱ्यात उभी राहिली. पुढं वर्षाच्या आत पावणेच गेले. बसल्या जागी, हार्ट अटॅकनं. त्यांच्या तेराव्याला मी ताडपत्रीखाली चाक बघितलं होतं, मऊ बसलेलं. त्यानंतर ती गाडी माझ्या डोक्यातून गेली होती म्हणायची. आणि आता मालक सांगत होते की ती मोडीत आहे.

"कुणी घातली मोडीत?" मी विचारलं.

"वखारवाला म्हणाला, बाईंनीच फोन केलता. न्हेऊन टाका म्हणाल्या."

"बघा! एवढी गाडी, आणि टाकून दिली. असणाऱ्यांची चैन वेगळीच."

मालकांनी बशी खाली ठेवली. "सांगाडा चांगला हाय. पत्रा सडलाय, पर मी करतो. सीटा तू कर. इंजिनाला काय, उद्यमनगरात माणसं हायत की. आणूया काय?"

मी लगेच हो म्हटलं नाही. पण मनातल्या मनात मी गाडीत बसून शाहूपुरीत पोचलेसुद्धा. बहिणीच्या बंगल्यासमोर हळू घ्या म्हटलं. हॉर्न मारा म्हटलं. ती गॅलरीत आली. "ये की खाली," मी म्हणाले, "पर जागा न्हाय बाई, दोघांचीच हाय."

नुकताच पितृपंधरवडा लागला होता. पंधरवड्यात आमच्याकडं कुणी गाडी दारात आणत नाही. मालक म्हणाले, "अगं, मोडीतल्या गाडीला कसला आलाय पंधरवडा? ती मेलेलीच हाय." मी म्हटलं ते काही नाही, आणायचीच झाली तर घटस्थापनेला आणायची, आणि आधी मी डोळ्यानं बघणार. वखारवाल्यानंही तेवढीच मुदत दिली होती. घट बसले की तो गाडीला गॅस कटर लावणार होता.

दुसऱ्या दिवशी मी बघायला गेले. रिकाम्या पिपांच्या आणि बसच्या सांगाड्यांच्या मधी ती पडली होती. टपाच्या चिंध्या झाल्या होत्या. दाराच्या पत्र्यावर पुराचा मातकट गाळ तसाच होता. मालक बोनेट उघडून आत घुसले, आणि मी दार ओढून सीटा बघायला लागले. रेक्झिन काळं पडलं होतं, पायपिंग मात्र जागेवर होतं. एक टाका सुटला नव्हता. माझी मलाच शाबासकी दिली.

मग मी बाजूची सीट हातानं दाबली. पुराचं पाणी फोम कुजवतं, पण खड्डा पाडत नाही. खड्डा माणूस पाडतो, बसून बसून. चालवणाऱ्याच्या सीटला खड्डा होताच, पण बाजूच्या सीटलाही तेवढाच होता. तळाच्या पट्ट्या ताणून ढिल्या झालेल्या, दाराकडची कड चढून उतरून घासलेली. हे काही एकदोन फेऱ्यांचं काम नव्हे. वर्षानुवर्षं कुणीतरी रोजच्यासारखं इथं बसलं होतं.

म्हणजे फोटोपुरतं नव्हतंच ते. गगनबावडा एक सांगायला. बाईसाहेब रोज फिरत होत्या. मी इकडं रिक्षाच्या सीटा ठोकत होते, तेव्हा ती माझ्या टाक्यांवर बसून वारा खात होती, आणि मला म्हणायची, कुठं गं जाणं होतंय आमचं, यांना कारखान्यातून वेळच नसतो. खोटारडी! तिथल्या तिथं माझं डोकं सणकलं.

"मालक," मी हाक मारली, "घेऊया ही. घेऊयाच."

बोनेटच्या आतून आवाज आला, "काय झालं एकदम?"

"काय व्हायचंय? माझं काम हाय ते. मीच बसणार त्याच्यावर."

त्याच आठवड्यात बहिणीकडं पावण्यांचा म्हाळ होता. ज्या तिथीला माणूस गेलं त्या तिथीला पंधरवड्यात त्याच्या नावानं जेवण घालायचं, तो म्हाळ. आम्ही दोघं गेलो. वडे, खीर, भोपळा, गवार, सगळं झालं होतं, आणि पावण्यांना आवडायची म्हणून नैवेद्याच्या पानात वाटीभर मिसळही ठेवली होती. गाडीचं आत्ताच बोलायचं नाही, असं मी मालकांना स्कूटरवरच बजावलं होतं. मला ती गोष्ट माझ्या पद्धतीनं, गाडीत बसून सांगायची होती.

पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. सगळी माणसं मागं उभी राहिली. कावळे समोरच्या नारळावर होते, चार-पाच तरी असतील, पण एकही खाली येईना. बहिणीची सासू हात जोडून म्हणाली, "ये रे माझ्या राजा." कावळा नाही. कुणी म्हणालं मिसळ तिखट असंल. कुणी म्हणालं इच्छा राहिली असंल काहीतरी. मग सुरू झालं. कारखाना नीट चालवू. आईला सांभाळू. बायकोला काही कमी पडू देणार नाही. एकेक जण पुढं होऊन कबूल करत होता आणि कावळे ढिम्म. ऊन चढलं. खाली पंगत खोळंबली होती, आणि भुकेलं माणूस काय वाट्टेल ते बोलतं.

आमचे मालक भुकेला कच्चे आहेत. ते पुढं गेले, छाती भरून घेतली आणि आख्ख्या शाहूपुरीला ऐकू जाईल असं ओरडले, "साडू! तुमची लाल गाडी आम्ही मोडीतनं सोडवतो! पयल्यासारखी करून ह्याच दारात आणतो! सोडत न्हाय, शब्द हाय!"

आणि आला की मेला कावळा! सरळ खाली आला, खिरीकडं न बघता वड्याचा लचका तोडला आणि उडाला.

गच्चीवर एकच गलका झाला. सासूबाई तर रडायलाच लागल्या. मालकांचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "पावणं, माझ्या लेकाचा जीव गाडीतच अडकलावता बघा. तुम्ही सोडवलासा." मालक तांबडे होऊन उभे, लग्नात आहेर मिळाल्यासारखे. मी त्यांना डोळ्यानं खाऊन टाकणार एवढ्यात माझं लक्ष बहिणीकडं गेलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं माझं मनगट धरलं आणि मला जिन्यातून खाली, स्वयंपाकघराच्या मागच्या कोठीत नेलं.

"आक्का, ती गाडी आणू नकोस."

मी तयारच होते. "का? तू टाकलीस, आम्ही उचलली. आमच्यासारख्यांनी बसलेलं बघवणार न्हाय काय तुला?"

"तसं नाही गं."

"मग कसं? रोज बसून बसून खड्डा पाडलायस त्या सीटला. माझ्या हातानं बघून आले मी. आणि मला म्हणायचीस, जाणंच होत नाही."

ती एकदम नेसरीचं बोलायला लागली, कितीतरी वर्षांनी. "आक्का, मी वरातीला बसले. आणि गगनबावड्याला. येताना घाटात मला गाडी लागली, तवापासनं त्यांनी मला नेली न्हाय. तुला गाडी लागती, तू घरीच ऱ्हा म्हणायचे. दोन येळा. आयुष्यात दोन येळा बसले मी त्या गाडीत."

मला कळायला वेळ लागला. हात त्या सीटवर ठेवलेला आठवला. पट्ट्या ढिल्या. कड घासलेली.

"मग कोण..."

"मी इचारलं न्हाय. इचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, म्हणून इचारलं न्हाय. साऱ्या शाहूपुरीला ठावं व्हतं. संध्याकाळी गाडी दारातनं निघायची, कोपऱ्यावर थांबायची, आणि मग पुढं जायची. मी ह्या गॅलरीतनं बघायची. कोपऱ्यापतुर दिसतं की सगळं."

मी तिथल्या तांदळाच्या पोत्यावर बसले. तिनं पदरानं तोंड पुसलं, पण रडत नव्हती. मग सावकाश म्हणाली, "पूर आला तवा ते पुण्याला व्हते. फोन आला, गाडी वरच्या रोडला लावायला सांग कुणाला तरी. शेजारचे भावजी दोनदा चावी मागायला आले. मी म्हटलं, सापडत न्हाय. माझ्या कमरंलाच व्हती. वर गॅलरीत खुर्ची टाकून बसले, आक्का. चाकं बुडाली, मग दारं, मग त्या सीटा. टप दिसंना झाला तवा उठले आणि भात लावला. मी बुडवली ती. आणि आता तू वर काढून माझ्या दारात आणतीस."

खरं सांगते, तेव्हाही माझ्या पोटात जळलंच. हिला काय मी अशी ओळखत होते? हळू बोलणारी, मान खाली घालणारी माझी बहीण, एक आख्खी गाडी पाण्याला देऊन भात लावते. मी आयुष्यभर भांडी आपटली, दुसरं काय केलं? तेवढं एकदा मनात येऊन गेलं. मग मी उठले आणि तिला पोटाशी धरलं. तिच्या हाडांची नुसती काडं झाली होती. फराळाचे डबे घेऊन मी एवढी वर्षं समोर बसले, पण फोटोतलीच बघत आले होते.

"आणि दाजींनी शब्द दिलाय," ती म्हणाली. "कावळाबी शिवला. आता सासूबाई ऐकायच्या न्हाईत. गाडी आली की लोक बघणार. लोक गाडी बघत न्हाईत गं, बाजूची सीट बघत्यात."

"कावळ्याचं मी बघून घेते," मी म्हटलं. "तू पानं वाढ."

बोलून तर गेले, पण निस्तरायचं कसं? तिनं गळ्याची शपथ घातली होती, मालकांनासुद्धा सांगायचं नाही. आता मी हे लिहिते आहे ते तिला विचारूनच. लिही म्हणाली, नावं तेवढी नकोत. पण तेव्हा तोंड शिवलेलं, आणि तोंड शिवून गप्प बसणं हे काम मला कधी जमलेलं नाही.

मालक तर हवेतच होते. शेडमधला कोपरा त्यांनी रिकामा केला. लाल रंगाचे तुकडे आणून उन्हात धरून बघायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, "साडूंना शब्द दिलाय." रेक्झिन कुठलं घेऊया, मलई घेऊया की पांढरं घेऊया, हे रोज. मी हूं नाही की चूं नाही. शेवटी एका दुपारी मशीन थांबवलं आणि म्हटलं, "मला ती गाडी नको."

"का?"

"नको म्हणजे नको."

"अगं परवा तूच म्हणालीस घेऊयाच! मीच बसणार म्हणालीस!"

"म्हणाले. आता नको म्हणते."

त्यांनी हातातला रंगाचा तुकडा बाकावर टाकला. आमचे मालक रागावत नाहीत सहसा. पण त्या दिवशी आवाज चढला. "एवढी वर्सं जळत व्हतीस ती कशापायी गं? दर भाऊबीजेला स्कूटरवर तोंड फुगवून बसतीस, मला कळत न्हाय व्हय? तुझ्या वरातीत टेम्पोचं चाक बसलं, तू चालत आलीस, ते मी इसरलो असं वाटतं तुला? मला काय करायचीया गाडी! एकदा तुला त्या सीटवर बसवून रंकाळ्याला न्यायची व्हती. तेवढंच. मग इकली असती न्हाईतर पेटवली असती."

सांगता येत नव्हतं, आणि गप्पही बसवत नव्हतं. मी म्हणाले, "दुसऱ्याच्या वरातीतली गाडी मला नको." ते पुटपुटले, "दुसऱ्याची कुठं, सख्खी बहीण हाय तुझी," आणि हातोडी घेऊन एका रिक्षाच्या मडगार्डवर असं काही बडवायला लागले की ते मडगार्ड मग दोनदा सरळ करायला लागलं. तीन-चार दिवस आमच्यात भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलणं झालं.

सर्वपित्री अमावस्येला सगळ्याच गेलेल्यांना पान ठेवतात. मी सासूसासऱ्यांचं ठेवलं, आईवडिलांचं ठेवलं, आणि एक वेगळं पान घेऊन शेडच्या मागच्या भिंतीवर गेले. मिसळ नाही केली. वरणभात, वडा, गवार. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हटलं, "पावणं, गाडी मिळायची न्हाय. मालकांचा शब्द मी मोडला, त्यांच्याकडं बघू नका, माझ्याकडं बघा. तुम्हाला सीट शिवून दिली ती माझ्या बहिणीसाठी. तुम्ही कुणाला बसवलासा ते तुमचं तुम्हाला ठावं. जेवायचं असलं तर जेवा, न्हाईतर उपाशी जावा."

कावळा आला की लगेच. गवारीसकट सगळं खाल्लं. भुकेला कावळा कुठं शब्द ऐकायला बसतो? पण मी तशीच आत जाऊन मालकांना सांगितलं, की पावण्यांना शब्दातून मोकळं करा म्हटलं आणि कावळा शिवला. मालकांनी उठून चप्पल घातली आणि वखारवाल्याला 'नको' म्हणून सांगायला स्वतःच गेले. बहिणीच्या सासूबाईंनाही त्यांनीच समजावलं, सांगाडा सडलाय, उभी राहायची नाही म्हणून. त्यांनी मला कारण पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं बहिणीच्या घरातून निघताना त्यांनी तिचा चेहरा बघितला असावा. आमचे मालक दिसतात तेवढे येडे नाहीत.

घट बसल्यावर ते एकदा जाऊन आले. हात धुतले, चहाची बशी घेतली.

"कापली," म्हणाले.

"आणि सीटा?"

"जाळल्या. कुजलेल्या कोण घेतंय?"

पायपिंग चांगलं होतं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी चहात आलं घातलं होतं, तेवढं त्यांच्या लक्षात आलं.

दसऱ्याला आमच्याकडं सगळ्या गाड्या धुऊन, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून पुजतात. त्याच्या आधीचे आठ दिवस मला मान वर करायला फुरसत नसते, सगळ्यांना नव्या सीटा पाहिजे असतात. लोकांचं करता करता आमच्या स्कूटरचं कव्हर कायम राहून जायचं. वर्षानुवर्षं एकच, चिकटपट्ट्या लावलेलं. यंदा मात्र मलई रेक्झिनचा एक तुकडा शिल्लक होता, तो मी काढला. लाल पायपिंगही केलं. मालक बाकावर बसून बघत होते.

जुनं कव्हर पिना काढून ओढलं आणि फोम उघडा पडला. पुढं मालकांची जागा दबलेली होती, सरळ. आणि मागं दुसरा खड्डा होता, डाव्या अंगाला कललेला, एका बाजूनं साडी सावरून बसणाऱ्या बाईचा. तळाच्या पट्ट्या ढिल्या. कड घासलेली. मी तिथं हात ठेवला, दाबून बघितलं, वखारीत बघितलं होतं तसंच. एवढा खोल होता की माझा पंजा त्यात मावला.

हा मीच पाडलेला होता. भाऊबीजा, दवाखाने, बाजार, नेसरीला जाणं, रुसून बसणं, सगळं मी ह्याच्यावर बसूनच केलं होतं. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. तशीच वळले आणि मालकांवर डाफरले, "माझ्यामागारी दुसऱ्या कुणाला बसवत न्हाईसा न्हवं ह्याच्यावर?"

मालकांनी चष्मा वर केला. वाकून त्या फोमकडं नीट बघितलं, मग माझ्याकडं, वरपासून खालपर्यंत.

"अगं," ते म्हणाले, "एवढा खड्डा दुसऱ्या कुणाचा पडंल काय?"